मॅडमला दिलेला सायकस

मी मॅडमच्या कुत्र्याला विष घातलं, असं आमच्या ऑफिसात अजूनही दबक्या आवाजात बोललं जातं. ते साफ खोटं आहे. विष मी मॅडमच्या अंगणात ठेवलं होतं. खाल्लं ते कुत्र्याने. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि सव्वीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला तो फरक नीट मांडता आला पाहिजे.

सुरुवात ओलीपासून झाली. आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात. त्यांच्या छताला वर्षभर ओल आहे आणि वर्षभर ते तिच्याबद्दलच बोलतात, म्हणून घरात आम्ही त्यांना ओलकाका म्हणतो. ओलकाका निवृत्त सुपरवायझर आहेत. कशाचे, ते कोणालाच नक्की माहीत नाही, पण जिन्यात उभं राहून इमारतीवर देखरेख करणं त्यांनी अजून थांबवलेलं नाही. त्यांनी सोसायटीला पत्र लिहिलं आणि सोसायटीने मला: आपल्या बाल्कनीतील अतिजड कुंडी आठ दिवसांत हलवावी.

अतिजड कुंडी म्हणजे माझा सायकस. बावीस वर्षं मी तो वाढवला होता. हत्तीच्या पायासारखं खोड, वर गडद हिरव्या टोकदार पानांचा पिसारा, आणि उचलायला चार माणसं. या वर्षी त्याला पहिल्यांदाच बिया धरल्या होत्या. पिसाऱ्याच्या मधोमध मऊ तपकिरी लवेचं घरटं, आणि त्यात शेंदरी रंगाच्या, अक्रोडाएवढ्या सतरा बिया. रोज सकाळी चहाच्या आधी मी त्या मोजायचो.

"पळून जाणार आहेत का त्या?" बायको म्हणायची.

नोटीस आल्यावर तीच म्हणाली, "कोणाला तरी देऊन टाका. अंगण असलेलं कोणीतरी बघा."

अंगण आमच्या मॅडमकडे होतं. आमच्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात मॅडम दोन महिन्यांपूर्वीच बदलून आल्या होत्या. शिस्तीच्या, कमी बोलणाऱ्या. गावाबाहेरच्या बंदिस्त वसाहतीत त्यांनी छोटं घर घेतलं होतं. घरात त्या, त्यांचे वडील आणि ढब्बू नावाचा गुबगुबीत कुत्रा. त्याच सुमारास ऑफिसातली हेडक्लार्कची खुर्ची रिकामी होती. मी झाड खुर्चीसाठी दिलं असं कोणी म्हणू नये. खुर्ची रिकामी होती आणि झाड द्यायचं होतं, एवढंच मी म्हणतो.

रविवारी टेंपोने सायकस मॅडमच्या अंगणात गेला. मंगळवारी डब्याच्या सुट्टीत मी त्याचे फोटो सगळ्यांना दाखवत होतो. आमच्या रेकॉर्डवाल्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवून फोटो जवळून पाहिला. बाईंच्या घरी तीन कुत्री आहेत.

"हा सायकस ना?"

"हो," मी जमेल तितकं नम्र होत म्हणालो.

"मॅडमकडे ढब्बू आहे."

"पाहिला ना. फार गोड आहे."

"आणि या बिया आहेत."

"सतरा!"

बाईंनी अर्धवट खाल्लेल्या डब्याचं झाकण लावलं. "अहो, सायकस कुत्र्यांना विष आहे. सगळं झाडच विषारी, पण बिया तर फारच. एक-दोन पोटात गेल्या तरी लिव्हर जातं. माझ्या बहिणीचा कुत्रा असाच गेला."

त्यांनी ड्रॉवरमधून एक कागद काढला. त्यांच्या जनावरांच्या डॉक्टरांनी दिलेला होता. कुत्र्यांना घातक असलेली झाडं, चित्रांसकट. कण्हेर, घाणेरी, मनी प्लांट, कोरफड. म्हणजे आमच्या बाल्कनीची हजेरीच लागली होती. आणि सगळ्यात वर, लाल चौकटीत, माझा सायकस. मी डबा बाजूला सारून लक्षणांचा रकाना दोनदा वाचला.

"आत्ता फोन करा," बाई म्हणाल्या.

मी केला. एक वाजून पस्तीस मिनिटांनी. ही वेळ लक्षात राहण्याचं कारण पुढे येईलच. मॅडम त्या दिवशी दूरच्या एका टाकीच्या पाहणीला गेल्या होत्या. वाऱ्याचा घों घों आवाज येत होता.

"बोला."

"मॅडम, ते झाड..."

"अहो, किती सुंदर आहे ते! बाबा परवापासून त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसलेत. आणि खरं सांगू? माझ्या सात बदल्या झाल्या, पण स्वतः वाढवलेलं काहीतरी मला देणारे तुम्ही पहिलेच."

माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. 'मॅडम, ते झाड विषारी आहे, कुत्र्याला लांब ठेवा.' आठ शब्द. बाई समोर उभ्या राहून मान हलवत होत्या. आणि मी माझ्या स्वतःच्या तोंडून ऐकलं:

"त्याला पाणी जरा कमी घाला."

"बरं. ठेवते, इथे रेंज जाते-येते."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. तसं माझ्याकडे याआधी फक्त गणिताच्या मास्तरांनी पाहिलं होतं.

"तोंडावर सांगणार आहे," मी म्हणालो. "अशा गोष्टी फोनवर सांगणं बरं दिसत नाही." आणि तो कागद खिशात घालून, अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघालो. बेत साधा होता. सायकस उचलून आणायचा, त्या जागी निर्धोक झाड ठेवायचं, आणि मॅडमना सवडीने, बेताबेताने, माझा मान राहील अशा शब्दांत कळवायचं.

जिन्यात ओलकाका होतेच. दुपारच्या वेळी मी घरी दिसतोय म्हटल्यावर त्यांनी कारण काढून घेतलं. एवढं मात्र त्यांना उत्तम जमतं.

"विष म्हणून सांगूच नका," ते म्हणाले. "विष म्हटलं की चौकशी लागते. कीड म्हणा. झाडाला कीड लागलीय, उपचाराला नेतो. कीडवालं झाड कोणी अडवत नाही. मी सुपरवायझर असताना..."

मी पुढचं ऐकलं नाही, पण कीड मात्र उचलली.

बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलली. "परत फोन करा आणि खरं काय ते सांगा."

"सांगतो. पण तिथे जाऊन."

"मग मीही येते," म्हणत तिने चपला घातल्या. तिला माझ्याबरोबर यायचं नव्हतं. मला एकट्याला पाठवायचं नव्हतं.

रविवारचाच टेंपोवाला मिळाला; झाड उचलायला माणसं वसाहतीतच बघू म्हटलं. वाटेत रोपवाटिकेतून अरेका पाम घेतला, तो कुत्र्यांना चालतो म्हणून. तो निवडायला मी पंचवीस मिनिटं लावली. एक वाकडा होता, एकाची टोकं वाळली होती. बायको टेंपोत बसून घड्याळ बघत होती आणि मी दोन हात मागे बांधून पामच्या रांगेतून फिरत होतो. या पंचवीस मिनिटांबद्दल मला आजही कोणी काही बोललेलं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं.

वसाहतीच्या फाटकावर आत सोडायला काहीच अडचण आली नाही. नाव, गाडीचा नंबर, कारण. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'झाड बदलणे'.

मॅडमचे वडील खरोखरच सायकससमोर खुर्ची टाकून बसले होते. वय ऐंशीच्या पुढे, शर्टाला इस्त्री, एक गाल फुगलेला. काहीतरी चघळत होते. पायाशी ढब्बू. मला पाहताच तो उठला, दोन्ही पाय माझ्या छातीवर ठेवून त्याने माझी हनुवटी चाटली. कुत्रा ठणठणीत होता. माझा जीव भांड्यात पडला आणि त्याबरोबर खोटं बोलायचा उत्साहही परत आला.

"काका, झाडाला कीड लागलीय!"

"भीड? भीड कसली, घर तुमचंच आहे. बसा."

काकांना ऐकू कमी येतं, हे मॅडम बोलल्या नव्हत्या. मी आवाज चढवला.

"रोग आहे झाडाला!"

"फोन? फोन आहे की आत."

"उपचाराला न्यायचंय!"

"विचारायला काय हरकत आहे? विचारा."

शेजारच्या घराची खिडकी उघडली. टेंपोवाला हातातली दोरी खाली ठेवून मजेत ऐकत होता. मी 'कीड' हा शब्द किती वेळा ओरडलो कोण जाणे. घसा बसला. शेवटी बायकोने मला बाजूला केलं. काकांच्या खुर्चीशेजारी तिपाईवर एक वही आणि पेन होतं. याच कामासाठी ठेवलेलं असणार, हे तिच्या लक्षात आलं आणि माझ्या नाही. तिने वहीत लिहिलं: 'हे झाड विषारी आहे. बी खाल्ली तर कुत्रा मरेल.'

काकांनी वाचलं. चेहरा गंभीर झाला. "मग हे आधी नाही का सांगायचं? हे गृहस्थ ओरडत काय बसलेत?"

मी तोपर्यंत पिसारा बाजूला सारून बिया मोजत होतो. पंधरा. पुन्हा मोजल्या. पंधरा. बायकोने मोजल्या. तिच्याही पंधराच भरल्या.

तिने लिहिलं: 'दोन बिया कमी आहेत. कुठे गेल्या?'

काकांनी एक बोट वर केलं. "एक मी..." आणि पुढचं बोलण्याआधी त्यांनी तोंडातलं या गालातून त्या गालात सरकवलं.

ही बी कुत्र्यालाच नव्हे, माणसालाही बाधते, हे कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं मला तेव्हा आठवलं. संसारात बायकोने आवाज चढवलेला मी फार वेळा ऐकलेला नाही. ती पुढे झाली, काकांच्या हनुवटीखाली ओंजळ धरली आणि म्हणाली, "थुंका!"

हे मात्र त्यांना पहिल्या झटक्यात ऐकू आलं. ओंजळीत पडलं ते पांढरं, गोल, अर्धवट विरघळलेलं. खोकल्याची गोळी होती.

"कमाल आहे तुमची," काका दुखावून म्हणाले. "सांगू तर द्या. एक मी खिशात ठेवलीय. पेरायला." आणि त्यांनी इस्त्रीच्या शर्टाच्या खिशातून अख्खी, शेंदरी बी काढून दाखवली.

'दुसरी?' बायकोने लिहिलं.

"दुसरी ढब्बूने पळवली. मला वाटलं खेळतोय."

'कधी?'

"जेवण झाल्यावर. दोनच्या बातम्या लागल्या होत्या."

दोन. मी फोन केला होता एक पस्तीसला.

दाराशी ढब्बूचं अंथरूण होतं. त्यात शेंदरी सालीचे तुकडे सापडले आणि फोडलेली टणक कवची. आतून रिकामी. ढब्बू शेजारी उभा राहून शेपूट हलवत होता, आम्हाला काय सापडलं याचं त्यालाही कौतुक होतं.

रेकॉर्डवाल्या बाईंच्या कागदावर दवाखान्याचा नंबर होता. पलीकडून एका डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. "आत्ताच्या आत्ता आणा. घरी काही पाजू नका. बीचे तुकडे बरोबर घ्या." आम्ही ढब्बूला टेंपोत घातलं. काका कोणी सांगायच्या आधी पुढच्या सीटवर चढून बसले होते, एका पायात सपात आणि एका पायात चप्पल. मागे अरेका पाम तसाच उभा होता. तो उतरवायचं कोणाला सुचलंच नाही.

मॅडमचा फोन लागत नव्हता. तेव्हा मी संदेश लिहिला, आणि आश्चर्य म्हणजे तो अगदी सहज लिहून झाला: 'मी दिलेलं झाड विषारी आहे. ढब्बूने बी खाल्ली. दवाखान्यात नेतोय.' लिहायला दहा सेकंदं लागली.

फाटकावर वॉचमनने आडवा बांबू वर केला नाही.

"कुत्रा बाहेर न्यायचा तर रहिवासी सोबत पाहिजे."

"हे काय, मॅडमचे वडील आहेत."

त्याने रजिस्टरमध्ये सावकाश बोट फिरवलं. "यांची नोंद पाहुणे म्हणून आहे. पाहुण्यांना पाळीव प्राणी बाहेर नेता येत नाही. मालकांचं पत्र आहे?"

"अहो, त्याने विष खाल्लंय!"

"असेल. पण नोंद पाहुणे म्हणून आहे."

त्याच्या आवाजात राग नव्हता, घाई नव्हती, वाईटपणाही नव्हता. हा आवाज मी कुठेतरी ऐकलाय असं वाटलं, आणि मग ओळख पटली. तो माझाच होता. खिडकी क्रमांक तीनमधून मी सव्वीस वर्षं याच आवाजात बोलत आलो होतो. अर्जावर मालकाची सही नाही. उद्या या. अकरा दिवस नळाला पाणी नसलेल्या एका बाईंना मी याच चालीवर परत पाठवलं होतं, आणि वर पाणी पिऊन जा असंही म्हणालो होतो.

मी हात जोडले. बायको भांडली. टेंपोवाल्याने हॉर्न दिला. एवढ्यात ढब्बू टेंपोच्या कडेवरून पुढे झुकला, त्याच्या पोटात एक लाट उठली आणि तो उघड्या रजिस्टरवर भडाभडा ओकला. लालसर तुकडे. फेस. नंतर त्याने डोकं खाली टाकलं आणि शेपूट हलायची थांबली.

वॉचमनने एकदा पानाकडे पाहिलं, एकदा कुत्र्याकडे. "हा खरंच आजारी आहे हो," तो म्हणाला आणि धावत जाऊन त्याने बांबू उचलला.

बायकोने ते पान सुबक फाडलं आणि चारी बाजूंनी दुमडून घेतलं.

"अहो, रजिस्टरचं पान!"

"डॉक्टरांना दाखवून आणून देते," ती म्हणाली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पान उघडून पाहिलं, तोंड वाकडं न करता. ढब्बूला इंजेक्शन दिलं, तो आणखी ओकला. मग कोळशाची काळी पूड कालवून पाजली, पायाला सलाइन लावलं. माझ्या हातात फॉर्म आला. मालकाचं नाव लिहिलं. पुढे रकाना होता: 'आपले प्राण्याशी नाते'. आयुष्यभर लोकांचे रिकामे रकाने मी परत पाठवले. हा रिकामा कसा ठेवणार? मी लिहिलं, 'झाड देणारा'. खाली 'जबाबदार व्यक्ती' होतं. तिथे सही केली.

"खाल्ली कधी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दोनला."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन होऊन गेले होते. "बरेच तुकडे निघालेत. सगळे निघाले का, सांगता येत नाही. अर्धा तास आधी आणला असता तर..." त्यांनी माझ्या हातातला फॉर्म घेतला. "तीन दिवस इथेच ठेवू. रोज रक्त तपासायचं. लिव्हरवर किती परिणाम झाला ते त्यातच कळेल."

बायको माझ्या शेजारी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, हे मला फार लागलं.

बाकावर काका माझ्या बाजूला बसले. थोड्या वेळाने त्यांनी वही काढली, काहीतरी लिहिलं आणि माझ्यापुढे धरलं. 'जगेल का?' काकांना बोलता चांगलं येत होतं. पण हा प्रश्न तोंडाने विचारायचा धीर त्यांना झाला नसावा. मी खाली लिहिलं, 'हो'. मग ते खोडलं आणि लिहिलं, 'माहीत नाही'. काकांनी वही मिटली आणि माझ्या गुडघ्यावर दोनदा थोपटलं. ज्याने थोपटून घ्यायचं तो मी नव्हतो.

सहाच्या सुमाराला मॅडम आल्या. बुटांवर टाकीवरची धूळ तशीच. आधी आत जाऊन आल्या. मग माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"झाड विषारी आहे हे तुम्हाला कधी कळलं?"

प्रश्न सोपा होता आणि खोटं उत्तर त्याहून सोपं. 'तुमच्याकडे पोचल्यावर' म्हटलं असतं तर कोण विचारणार होतं? रेकॉर्डवाल्या बाई चहाड्या करणाऱ्या नाहीत. बायको बोलली नसती. मी बायकोकडे पाहिलं. या वेळी ती माझ्याकडे बघत होती.

"मी तुम्हाला फोन केला त्याच्या आधी," मी म्हणालो.

मॅडमना क्षणभर अर्थ लागला नाही. मग लागला. "तुम्ही मला पाणी कमी घाला म्हणालात."

"हो."

"का?"

"तुम्ही झाडाचं कौतुक केलंत, मॅडम. मग मला सांगवेना."

त्या ओरडल्या असत्या तर मी त्यांचा आभारी झालो असतो. त्या वळल्या. आत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

पुढचे तीन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. सायकस त्याच संध्याकाळी शहराबाहेरच्या रोपवाटिकेत कुंपणाआड गेला. 'कुत्र्यांना विषारी' अशी पाटी बायकोने स्वतःच्या हाताने लिहून अडकवली. आमच्या बाल्कनीतली झाडंही तिने कागद घेऊन तपासली आणि ज्यांच्या घरी कुत्रं येतं-जातं अशा सगळ्यांना कळवलं. ओलकाका वर येऊन सांगून गेले की कुंडी जाऊन इतके दिवस झाले तरी ओल आहे तशीच आहे, तेव्हा दोष बहुधा दुसरीकडे असावा. एरवी मी भांडलो असतो. मी फक्त बरं म्हटलं. हेडक्लार्कच्या खुर्चीवर रेकॉर्डवाल्या बाई बसल्या आणि मला त्यात काही चूक काढता आली नाही.

रोज ऑफिस सुटलं की मी दवाखान्यात जायचो. मला कोणी बोलावलं नव्हतं. बाकाच्या एका टोकाला मॅडम, दुसऱ्या टोकाला मी, मध्ये कोणाची तरी मांजराची पेटी. पहिल्या दिवशी रक्तातला आकडा चढला. दुसऱ्या दिवशी आणखी चढला, आणि ढब्बूने डोकं उचललं नाही. काचेतून त्याची पाठ दिसत होती. मी श्वास मोजत होतो. एक खाली गेला की पुढचा वर येईपर्यंत माझा थांबलेला असायचा. मॅडम उठून त्याच्याजवळ जायच्या, कानामागे खाजवायच्या, परत येऊन बसायच्या. मला वाटायचं काहीतरी बोलावं, पण आधीच्या माझ्या बोलण्याने काय केलं होतं ते समोर काचेआड पडलेलं होतं.

शुक्रवारी डॉक्टरीणबाई हातात कागद घेऊन बाहेर आल्या. आकडा उतरला होता. आणि सकाळी ढब्बूने वाटीभर खाल्लं होतं, शिवाय वाटीही चावायला घेतली होती.

"घरी न्या," त्या म्हणाल्या. "औषधं महिनाभर चालतील. परत रक्त तपासू. पण धोका टळलाय."

मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. भिंतीवर लसीकरणाचा तक्ता होता आणि मी तो फार लक्ष देऊन वाचत होतो, एक अक्षर न दिसता. सव्वीस वर्षांच्या नोकरीत वरिष्ठांसमोर मी कधी रडलेलो नाही. त्या दिवशी नाक ओढण्याचा आवाज झाला, तो संपूर्ण प्रतीक्षालयाने ऐकला, पेटीतल्या मांजरानेसुद्धा.

आतून ढब्बूला आणलं. तो वाळला होता. पाय थोडे फाकून, फरशीवर नखं वाजवत चालत होता. काउंटरवरून मॅडमना हाक आली, कागदांवर सह्या करायच्या होत्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. प्रतीक्षालयात आणखी चार माणसं होती, एक मदतनीस बाईही होती. मॅडम माझ्याजवळ आल्या आणि साखळी माझ्यापुढे केली.

"धरा जरा. मी सह्या करून येते."

मी साखळी घेतली. मनगटाला दोन वेढे दिले आणि वर दुसऱ्या हाताने धरली. ढब्बूने मला हुंगलं, एक मोठा सुस्कारा सोडला आणि सरळ माझ्या डाव्या पावलावर बसला. अशक्त झाला तरी वजन चांगलंच होतं. सह्या बऱ्याच असाव्यात. पायाला मुंग्या आल्या, मग पाय बधिर झाला. मी तो हलवला नाही.